सोफाकाकूंनी मढवलेला स्टँड

सोफाकाकूंना "असू द्या" या शब्दांची भारी चीड होती. उभा जन्म त्यांनी सोफे, खुर्च्या आणि दिवाण मढवण्यात घातला. "इथे शिवण जरा तिरकी गेलीय, पण असू द्या," असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं, की काकू त्याच्या देखत ती शिवण उसवायला घ्यायच्या. त्यांच्या मते "असू द्या" म्हणजे, मला पटलेलं नाही, पण तुमच्या तोंडी कोण लागणार. घरात तर त्यांनी हे कधीच ऐकून घेतलं नव्हतं. नवरा होता तोवर दोघांची रोज जुंपायची. पंख्याच्या वेगावरून, वर्तमानपत्राच्या घडीवरून, आणि काहीच सापडलं नाही तर काल कुणाचं बरोबर होतं यावरून. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेली माणसं म्हणाली, घर अगदी शांत झालं असेल नाही. काकूंच्या मनात आलं, मेल्यांनो, तेच तर दुःख आहे.

पुढे अंगठ्यांनी दगा दिला. जाड कापडातून सुई ओढली की कळ थेट कोपरापर्यंत जायची. दुकान बंद करावं लागलं, आणि लेक गाडी घेऊनच दारात हजर झाली, आता तू आमच्याकडेच राहायचं म्हणून. काकूंनी आढेवेढे घेतले, तेवढे घ्यावेच लागतात, आणि कपड्यांच्या बॅगेबरोबर हत्यारांची पेटी आणि उरलेल्या उंची रेक्झीनचा एक गुंडाळा गाडीत टाकला. हा गुंडाळा कशाला, असं लेकीने विचारलं. "राहू दे, तो काही जेवायला मागत नाही," काकू म्हणाल्या.

लेकीचं घर भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. जावई गिटार वाजवायचा. दुपारपर्यंत घरी मुलांना शिकवायचा, मग रेकॉर्डिंगला जायचा. माणूस म्हणाल तर सोन्यासारखा. उंच, हडकुळा, बोलायला मऊ. आणि खोट काढायची तर एकच, की सासूबाईंपुढे त्याच्या तोंडून दुसरा शब्द फुटत नसे. काकूंच्या हातून त्याचा आवडता कप फुटला. "असू द्या, आई." काकूंनी तो शिकवत असताना मिक्सर लावला. "असू द्या, आई." लेकीने ओला टॉवेल पलंगावर टाकला की मात्र हाच माणूस घर डोक्यावर घ्यायचा, आणि लेक त्याला तोडीस तोड ऐकवायची. काकू आपल्या खोलीत बसून ते भांडण कान देऊन ऐकायच्या. त्यांना हेवा वाटायचा, हे अगदी खरं. घरच्यांना बोलणी बसतात आणि पाहुण्यांना "असू द्या" मिळतं, हे काय त्यांना कळत नव्हतं?

बरं, ती खोली तरी त्यांची कुठे होती. ती गिटारींची खोली होती. काकू आल्या आणि पाच गिटारी बेघर झाल्या. एक सोफ्यामागे, एक कपाट आणि भिंतीच्या बेचक्यात, एक पलंगावर (रात्री ती खुर्चीवर जायची आणि सकाळी परत पलंगावर), एक दाराआड. दार उघडताना प्रत्येकाने आधी हात आत घालून ती चाचपायची, असा घरात नियमच झाला. पाचवी मात्र जावयाच्या हाताशी असे. जुनी होती ती, मधाच्या रंगाची. ती त्याच्या आईची. त्याची आई लहान मुलांना गाणी शिकवायची, ही गिटार मांडीवर घेऊन. तो कॉलेजात असताना आई गेली. लेकीने हे काकूंना हळू आवाजात सांगितलं होतं, आणि त्यांनी ते मनात नीट घडी घालून ठेवलं होतं.

त्याचं वाजवणं काकूंनी पहिल्यांदा नीट ऐकलं ते स्वयंपाकघरात. बसायला जागा नाही म्हणून जावई ओट्याला टेकून उभ्यानेच वाजवत होता, आणि काकू भाजी चिरत होत्या. गाण्यातलं काकूंना ओ की ठो कळत नसे. पण हात त्यांना कळत. डावा हात गिटारीच्या मानेवरून असा सरकत होता की कुठे थांबला आणि कुठून निघाला ते दिसू नये, आणि उजव्या हाताची बोटं प्रत्येक तारेला जेवढ्यास तेवढंच देत होती, कणभर जास्त नाही. काकूंची सुरी थांबली. चाळीस वर्षं कारागिरांत काढलेल्या बाईला असा हात दोन-तीनदाच बघायला मिळाला असेल. पोरीने माणूस पारखून घेतलाय, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि मग भाजी सोडून त्या तशाच ऐकत बसल्या.

तेव्हापासून त्या रोज बघायच्या. शिकवता शिकवता तो डावीकडे हात लांब करायचा आणि न बघताच दुसरी गिटार घ्यायचा. म्हणजे पूर्वी घ्यायचा. आता हात लांब केला की हाताला सोफ्याची पाठ लागायची. मग उठा, बाजूला व्हा, सोफा सरकवा. हळूहळू त्याने दुसरी गिटार घेणंच सोडून दिलं.

आणि एका सकाळी काकूंच्या कानावर त्याचं फोनवरचं बोलणं पडलं. "चार गिटारी तुझ्याकडे ठेवतो. हो, कायमच्याच म्हण. एक ठेवतो घरात. आता जागा नाही रे इथे." आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता, आणि तेच काकूंना जास्त लागलं.

लेक कामाला निघाली होती. काकूंनी तिला दारात अडवलं. "त्या गिटारी ह्या घरातून गेल्या, तर मीही जाणार. तुझ्या मावशीकडे. सांगून ठेवते."

"आई, सकाळी सकाळी काय काढलंयस?"

"ज्या घरात माझ्यापायी माणसाला आपला जीव दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकावा लागतो, तिथे मी राहायची नाही. त्याला म्हणावं थोडे दिवस थांब. मी बघते काय ते."

लेकीला आईचा स्वभाव ठाऊक होता. बॅग भरते म्हणाली की भरणारी बाई. तिने नवऱ्याला कसंबसं थांबवलं, आणि काकू चपला अडकवून गिटारींसाठी स्टँड शोधायला बाहेर पडल्या.

वाद्यांच्या दुकानात केसांची पोनी बांधलेला एक माणूस होता. काकूंनी त्याला मनात पोनीवाला म्हणून टाकलं आणि पुढे तोंडावरही तेच म्हटलं. त्याने पातळ नळ्यांचा घडीचा स्टँड उघडून दाखवला. पाच गिटारी आरामात राहतात म्हणाला. काकूंनी एका बोटाने त्याला ढकललं. स्टँड वरपासून खालपर्यंत थरथरला.

"हा गिटारींना धरणार, की गिटारींनी ह्याला धरायचं?"

पोनीवाला हसला. मग त्याने भिंतीवरचे हूक दाखवले. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नव्हता, ते बाद. एकेका गिटारीचा वेगळा स्टँड दाखवला, प्रत्येकाला तीन पाय. एवढ्या तंगड्या घरात पसरल्या तर पहिली मीच आपटेन, काकू म्हणाल्या. मग काचेच्या दारांचं एक दिमाखदार कपाट दाखवलं, आत मंद दिवा आणि काय काय. काकू त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. दिसायला सुरेख होतं, प्रश्नच नाही. पण उठून, दार उघडून, आतून गिटार काढायची म्हणजे त्यात दिवसभरात एकदाच हात जाणार.

"मला असा हवाय," त्या म्हणाल्या, "की माणसाने खुर्चीत बसून, न बघता हात लांब करावा आणि हवी ती हाताला लागावी. शेजारणीला धक्का न लागता. आणि हलता कामा नये."

पोनीवाल्याने त्यांच्याकडे जरा आदरानेच पाहिलं. "काकू, कुणासाठी घेताय?" त्यांनी जावयाचं सांगितलं. तो त्याला चांगला ओळखत होता. मग त्यानेच सुचवलं, मागच्या गल्लीत जुन्या सामानाचं दुकान आहे, एका बंद पडलेल्या संगीतशाळेचं सगळं लाकूडकाम तिथे येऊन पडलंय, एकदा बघा.

तिथे खुर्च्यांच्या ढिगाखाली तो होता. काकूंनी आधी फक्त एक पाय पाहिला, आणि पायावरूनच त्यांना कळलं. खुर्च्या बाजूला करायला लावल्या. सागासारख्या कुठल्याशा दणकट लाकडाची, कमरेएवढ्या उंचीची चौकट. खाली गिटारींचं बूड टेकायला रुंद बैठक, वर माना अडकवायला पाच खाचा, आणि सगळं किंचित मागे झुकलेलं, म्हणजे गिटार आपल्या वजनानेच आपल्या जागी बसावी. कुठे खिळा नाही. सांध्यात सांधा असा बसवलेला की नखसुद्धा अडकू नये. कोपरे हाताला लागणार नाहीत असे गोल घासलेले, आणि तेही आतल्या बाजूचे, जिथे कुणी बघत नाही. काकूंनी गुडघे टेकून खालून पाहिलं. खालूनही तेवढंच सफाईचं. "कोण रे बाबा तू," असं त्या त्या न पाहिलेल्या सुताराला पुटपुटल्या. हाताने जोर लावून बघितला, मग खांदा लावून. ढिम्म हलला नाही.

मात्र बैठकीवरचं आणि खाचांतलं अस्तर कुजून भुगा झालं होतं. काकूंनी चिमटीत घेऊन बघितलं. साधं लोकरीचं कापड, रंगसुद्धा न दिलेलं. "एवढं सुतारकाम करून वर हे पांघरूण," त्या म्हणाल्या. "हौस केली आणि शेवटी हात आखडला." आणि त्याच क्षणी त्यांना घरातला रेक्झीनचा गुंडाळा आठवला. अंगठे गेले चुलीत. हे शेवटचं काम त्या करणार होत्या.

स्टँड घरी आणून चार दुपारी त्या खपल्या. तळाला चांगला दाट स्पंज, वर गर्द लाल रेक्झीन, कडेने गोट, आणि त्यांची ती दुहेरी टीप, जिच्यावरून गावातली माणसं सोफा ओळखायची की हा काकूंकडचा. प्रत्येक खाच वेगळी कापून, वेगळी मढवून. अंगठा ठणकायला लागला की गरम पाण्यात बुडवायचा आणि परत बसायचं. पूर्ण झाला तेव्हा लेक बघतच राहिली. जावयाने स्टँडभोवती एक फेरी मारली, हात फिरवला, खाली वाकून सांधे बघितले. "आई," तो म्हणाला, "असा स्टँड मी स्टुडिओतसुद्धा पाहिलेला नाही." आणि ते "असू द्या" नव्हतं. ते त्याच्या पोटातून आलं होतं. काकूंना अगदी भरून आलं.

त्याने एकेक गिटार लावली. चार झाल्या. पाचवी, आईची, लावण्याआधी त्याने कपाटातून एक धुवट पांढरं सुती फडकं आणलं आणि खाचेत आणि बैठकीवर नीट अंथरलं.

"हे काय?" काकू म्हणाल्या. "माझी शिवण झाकायला?"

थट्टाच होती ती, पण पुरती थट्टाही नव्हती. त्याने फडक्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, त्यांच्या सुजलेल्या अंगठ्यांकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"नाही, नाही. असू द्या, आई." आणि त्याने फडकं काढून घेतलं.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. स्टँड त्याच्या खुर्चीच्या डाव्या हाताला, उन्हापासून लांब. तो न बघता हात लांब करायचा आणि गिटार अलगद निघून यायची. शिकवताना एकच सूर तो दोन-तीन गिटारींवर वाजवून दाखवायचा, ऐक, इथे कसा गोल लागतो, आता इथे कसा टोचतो. काकूंनाही हळूहळू फरक कळायला लागला. बारा तारांची कुठली आणि नायलॉनची कुठली, हे त्या आतल्या खोलीतून ओळखायच्या आणि चुकल्या तर स्वतःवरच चिडायच्या. मित्राला फोन करून त्याने गिटारी पाठवायचं रद्द केलं. काकूंनी बॅगेचा विषय पुन्हा काढला नाही. पाहुणेपण काही गेलं नव्हतं, पण आपण या घरात काहीतरी उभं केलंय, एवढं समाधान होतं.

एके दिवशी जावई सकाळीच रेकॉर्डिंगला गेला. काकू स्टँडवरची धूळ पुसत होत्या. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की आईची गिटार हल्ली तिरकी उभी असते. तोंड भिंतीकडे नाही, पण जरा वळवलेली, एक बाजू आत दडेल अशी. त्यांनी ती दोन्ही हातांनी बाहेर काढली. निघताना ती जराशी चिकटली, आणि सुटताना बारीक चर्र असा आवाज झाला.

खालच्या कडेला, मधाच्या रंगाच्या त्या पॉलिशवर, एक मऊ पडलेला चिकट पट्टा होता. आणि त्या पट्ट्यात टाके उमटले होते. बारीक, सारखे, दोन रांगांत. मानेच्या मागेही तेच. काकूंना चष्म्याची गरज पडली नाही. स्वतःची टीप त्यांना अंधारातही कळली असती.

त्यांनी गिटार जपून पलंगावर ठेवली आणि तडक पोनीवाल्याकडे गेल्या.

"जुन्या गिटारींचं पॉलिश रेक्झीनला टेकवायचं नसतं, काकू," तो म्हणाला. "रेक्झीनमधलं तेल हळूहळू पॉलिशमध्ये उतरतं आणि ते विरघळायला लागतं. स्पंजचंही तेच. नव्यांना काही होत नाही, त्यांच्यावरचा थर वेगळा असतो. जुन्यांना आपलं लोकरीचं किंवा सुती कापड, तेही बिनरंगी."

काकूंच्या डोळ्यांपुढे तो चिमटीतला भुगा आला. त्या सुताराने हात आखडला नव्हता तर. त्याला माहीत होतं.

"आमच्या जावयांना हे ठाऊक असेल?"

"अहो, मला कुणी शिकवलं मग? त्यांनीच."

काकू घरी कशा आल्या त्यांचं त्यांना कळलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती नक्की कुणावरची आहे ते ठरत नव्हतं. त्याला माहीत होतं. फडकं घालताना माहीत होतं, काढतानाही माहीत होतं. मेलेल्या आईची एकुलती एक वस्तू त्याने डोळ्यांदेखत खराब होऊ दिली, का, तर सासूबाईंना वाईट वाटेल. ही कसली माया? एवढा चांगुलपणा माणसाने करू नये, बाबांनो, समोरच्याला तो उचलत नाही. आणि मी? चाळीस वर्षं मऊ मऊ करत आले, आणि एकदा थांबून विचारलं नाही, की हे फडकं कशाला.

त्यांनी पेटी उघडली आणि उसवायला सुरुवात केली. गोट, टीप, स्पंज, सगळं. आयुष्यातलं शेवटचं काम त्यांनी स्वतःच्या हातांनी ओरबाडून काढलं आणि त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, इतका राग होता. मग ट्रंकेतली आपली जाड, पांढरी लोकरीची चादर काढली, कात्री घातली आणि ती खाचाखाचांत ताणून बसवली. टाके सगळे खालच्या अंगाने, लाकडाच्या बाजूला, गिटारीला एकही लागणार नाही असे. दुपार कलेपर्यंत काम उरकलं. दिसायला अगदी साधं झालं. त्या सुतारानेही असंच केलं असणार, आणि त्या लाकडाला तेच शोभून दिसत होतं, हे काकूंना कबूल करावं लागलं.

आता राहिला तो डाग. काकूंना तो बघवेना. शिवण चुकली तर उसवून पुन्हा घालता येते, मग पॉलिश का नाही? लाकडी हातांच्या किती खुर्च्या त्यांनी उजळल्या होत्या. त्यांनी पेटीतून स्पिरिटची बाटली काढली, चिंधीवर ओतली, गिटार मांडीवर घेतली आणि चिंधी डागाजवळ नेली.

"आई!"

जावई दारात होता. खांद्यावरची पिशवी त्याने तिथेच टाकली.

"हात काढ. आधी हात काढ तिथून."

काकूंचा हात तसाच हवेत राहिला. त्याने येऊन त्यांच्या हातातली चिंधी हिसकली आणि खिडकीच्या कट्ट्यावर फेकली.

"स्पिरिट? स्पिरिट लावत होतीस? सगळं पॉलिश सुटून खालचं लाकूड वर आलं असतं. कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही, दिसलं की घातला हात. ही काय खुर्ची आहे? डागाचं मी बघत होतो ना. माणूस शोधून ठेवलाय मी, पुढच्या आठवड्यात देणार होतो त्याच्याकडे."

त्याचा आवाज चढतच गेला. आत कधीपासून तुंबलेलं एकदम फुटलं होतं.

"आणि माझ्या विद्यार्थ्यांना दारातून परत पाठवतेस. नखं कापून या म्हणून. ती नखं वाढवायला सहा महिने लागलेत त्या पोराला, नखांनीच वाजवतात ते. तो खरंच कापून आला ना. आणि माझ्या वायरी. गुंडाळून वर गाठ कोण मारतं? तीन वायरी मेल्या माझ्या. आणि मी घरी रेकॉर्ड करत असलो की नेमकी तेव्हाच मागून येऊन पडदे ओढतेस, सर्रकन, प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये तो पडदा आहे."

लॅबमधून लेक नुकतीच आली होती. दारातच ती थबकली. नवऱ्याचा लाल झालेला चेहरा, मांडीवर गिटार घेऊन बसलेली आई, जमिनीवर रेक्झीनच्या चिंध्यांचा ढीग. तिला एवढंच समजलं, की हा माणूस आपल्या म्हाताऱ्या आईवर ओरडतोय.

"ए, माझ्या आईशी कसा बोलतोयस तू?"

"तू मध्ये पडू नकोस," काकू म्हणाल्या.

"अगं, पण तो तुला..."

"सांगितलं ना, आत जा. आमचं चाललंय."

लेक आ वासून बघत राहिली. आत मात्र गेली नाही. आणि तिच्या त्या चेहऱ्याकडे बघून जावई भानावर आला. हवा गेल्यासारखा तो खुर्चीत बसला. नवं पांढरं अस्तर घातलेला स्टँड त्याला आत्ता दिसला. त्याने खाचेतून बोट फिरवलं, खालून टाके चाचपले.

"चुकलं माझं, आई. असं बोलायला नको होतं मी तुम्हाला. तुम्ही एवढं केलंत, आणि... ते डागाचं असू द्या."

"ते दोन शब्द पुन्हा काढलेत, तर हाच स्टँड डोक्यात घालीन," काकू म्हणाल्या. "फडकं काढलंत तेव्हा का नाही ओरडलात? तुमच्या आईची वस्तू ती. तिच्यासाठी तरी ओरडायचं."

तो मान खाली घालूनच म्हणाला, "ती गेल्यापासून आईवर चिडायची सवयच राहिली नाही. कसं चिडायचं तेच विसरलो होतो."

काकूंनी गिटार उचलली. उठल्या, आणि त्याला दिसेल अशी, डागाची बाजू पुढे करून, ती नव्या खाचेत अलगद ठेवली. ती जागच्या जागी बसली. मग त्यांनी पायाने स्टूल ओढलं आणि त्याच्या समोर पदर सावरून बसल्या. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"पडद्यापर्यंत आला होतास," त्या म्हणाल्या. "पुढे बोल. काय काय साठलंय ते सगळं काढ बाहेर. मला आता कुठेही जायचं नाहीये."